पातळी-जुळणी, अंकीय परिवर्तकाची

अंकीय स्वरूपात साठविलेल्या ध्वनीचे सदृश विद्युत् संकेतात रूपांतर करणाऱ्या परिवर्तकाचा प्रदान दाब आणि त्यापुढील विवर्धकाची आदान संवेदनशीलता यांचा मेळ घालण्याच्या क्रियेस पातळी-जुळणी म्हणतात. घरगुती उच्च तद्रूपता (हाय-फाय) यंत्रणेत ही जुळणी नसल्यास ध्वनी विकृत होतो, आवाजाचे नियंत्रण अवघड होते आणि क्वचित ध्वनिक्षेपक निकामी होतो.

कारणमीमांसा : विवर्धकाची पूर्ण शक्ती मिळण्यास आदानास जेवढा दाब द्यावा लागतो त्यास त्याची संवेदनशीलता म्हणतात. टेप व ट्यूनर यांच्यासाठी बनविलेल्या जुन्या विवर्धकांत ती बहुधा १५० ते २०० मिलिव्होल्ट असे. १९८२ मध्ये सोनी व फिलिप्स यांची ध्वनितबकडी (सीडी) बाजारात आली आणि तिच्या वादित्रांत २ व्होल्ट हा महत्तम प्रदान दाब रूढ झाला. आजच्या स्वतंत्र परिवर्तकांतही तोच आढळतो. संतुलित जोडणीत तो साधारणपणे ४ व्होल्ट, तर मोबाइल संचास जोडावयाच्या छोट्या परिवर्तकांत बहुधा १ व्होल्टच्या आसपास असतो. २ व्होल्ट व २०० मिलिव्होल्ट यांत दसपट, म्हणजे २० डेसिबेलचा फरक पडतो. अशा जोडणीत आवाजाची खुंटी निम्मी फिरण्याच्या सुमारासच विवर्धकाची शक्ती संपते व पुढे ध्वनी फाटू लागतो.

याउलट मंद आवाजात ऐकताना निराळीच अडचण येते. समजा, विवर्धक ५० वॉटचा आहे आणि ध्वनिक्षेपक १ वॉट शक्तीस १ मी. अंतरावर ८७ डेसिबेल ध्वनी देतो. पूर्ण शक्तीस ही पातळी १०४ डेसिबेल होते. रात्री ७० डेसिबेलची शिखरे पुरेशी मानल्यास ३४ डेसिबेल घट हवी. तीत वरील २० डेसिबेल मिळविल्यास खुंटीने ५४ डेसिबेल घट करावयास हवी. खुंटीच्या अगदी आरंभीच्या या भागात डाव्या-उजव्या मार्गांतील रोधकांचे प्रमाण सारखे राहत नाही. त्यामुळे गायकाचा आवाज एका बाजूस सरकतो व तानपुऱ्याचा समतोल बिघडतो.

ठाणे, कल्याण-डोंबिवली परिसरातील परिस्थिती : येथील बहुसंख्य श्रोते सदनिकांत राहतात. खोल्या लहान, भिंती सामाईक आणि मध्य रेल्वेचा मार्ग अनेक इमारतींच्या जवळ, अशी स्थिती आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी विभागातील मर्यादा दिवसा ५५ व रात्री दहानंतर ४५ डेसिबेल आहे. खिडकी उघडी असल्यास बाहेरील गोंगाटात आलापाचे सूक्ष्म स्वर बुडतात. ते ऐकू यावेत म्हणून आवाज वाढविल्यास शेजाऱ्यास उपद्रव होतो. या दोन मर्यादांमधील पट्ट्यातच संगीत ऐकावयाचे असल्याने खुंटी सूक्ष्मपणे फिरविता येणे येथे विशेष महत्त्वाचे ठरते. कल्याण गायन समाजाच्या मैफली किंवा ठाण्यातील पं. राम मराठे स्मृती समारोह प्रत्यक्ष ऐकणाऱ्या श्रोत्यास घरच्या यंत्रणेतील हा दोष लवकर जाणवतो.

उपाय : (१) परिवर्तकावर प्रदान पातळी कमी करण्याची सोय असल्यास प्रथम ती वापरावी. (२) अंकीय घट : सोळा द्विमान अंकांच्या संकेताचा गतिकीय पल्ला सु. ९८ डेसिबेल असतो आणि प्रत्येक ६ डेसिबेल घटीमागे सु. एका अंकाचे अचूकपण कमी होते. खोलीतील पार्श्वगोंगाट ४० डेसिबेल धरल्यास आणि शिखर पातळी ९० डेसिबेल मानल्यास ऐकण्यास उपयुक्त पल्ला ५० डेसिबेलच उरतो. म्हणून १० ते १२ डेसिबेलची अंकीय घट घरात सहसा बाधक होत नाही. चोवीस अंकी परिवर्तकात तर ती नगण्यच असते. (३) क्षीणक : प्रत्येक मार्गात परिवर्तकाकडून ६·८ किलोओहमचा रोधक एकसरीत व त्यापुढे ३·३ किलोओहमचा रोधक संकेत-तार आणि भूतार यांमध्ये जोडल्यास ४७ किलोओहम आदान संरोधाच्या विवर्धकात सु. १० डेसिबेल घट मिळते. दोन्ही मार्गांचे रोधक १ टक्का अचूकतेचे असावेत. क्षीणक विवर्धकाजवळ बसवून पुढील तार आखूड ठेवावी. परिवर्तकाचा प्रदान संरोध विवर्धकाच्या आदान संरोधाच्या फार तर एक-दशांश असावा, हा सर्वसाधारण नियम आहे.

परिवर्तक थेट शक्ती-विवर्धकास जोडताना विशेष सावधगिरी हवी. मध्ये खुंटी नसल्यास प्रदान पातळी चुकून महत्तम राहते आणि अत्युच्च कंप्रतेचा नाजूक ध्वनिक्षेपक क्षणार्धात जळू शकतो. उलटपक्षी, प्रदान अपुरे असल्यास संगणकातील आज्ञावलीने पातळी महत्तम मर्यादेपलीकडे नेऊ नये. त्याने तरंगाची शिखरे छाटली जातात व ती हानी पुढे भरून येत नाही.

दोन परिवर्तकांची तुलना : किंचित मोठा आवाज कानास अधिक चांगला वाटतो. त्यामुळे पातळी समान केल्याशिवाय केलेली तुलना निरर्थक ठरते. ४०० हर्ट्‌झचा कसोटी-स्वर मंद आवाजात वाजवून ध्वनिक्षेपकाच्या अग्रांवरील प्रत्यावर्ती दाब बहुमापकाने मोजावा. दोन्ही वाचनांतील फरक सु. १ टक्का, म्हणजे ०·१ डेसिबेलच्या आत आणल्यावरच गुणदोष ठरवावेत.

गुणगुण : पातळी जुळूनही ५० किंवा १०० हर्ट्‌झची गुणगुण राहिल्यास तिचे कारण बहुधा भूतारांचे वेटोळे असते. संगणक, विवर्धक आणि केबल दूरचित्रवाणीची तार निरनिराळ्या ठिकाणी भूयोजित असल्यास त्यांमधून सूक्ष्म प्रवाह वाहतो. सर्व उपकरणे एकाच फळीतून जोडणे व केबलची तार विलग करून पाहणे हे प्रथमोपचार होत. भूतारेची पिन कापणे हा उपाय नव्हे, कारण त्यात विजेचा धक्का बसण्याचा धोका असतो.