लष्कर की महाविद्यालय?

बारावीस नव्वद टक्क्यांच्या घरात गुण मिळविणारा मुलगा सैन्यात जातो म्हणाला, की आई डोळ्यांस पदर लावते आणि वडील अभियांत्रिकीचा अर्ज पुढे करतात. आमच्या मते हा वादच चुकीचा आहे. लष्कर की महाविद्यालय, हा प्रश्न नव्हे. लष्करात कोणत्या दाराने शिरावयाचे, हा आहे.

२०२२ साली आलेल्या अग्निपथ योजनेत सेवा ४ वर्षांची. पहिल्या वर्षी दरमहा ३०,००० रुपये वेतन, त्यांतील शेकडा ३० निधीत जमा. ओढग्रस्तीच्या घरास हा आधार मोठाच. त्याची कुचेष्टा आम्ही करणार नाही. परंतु मूळ नियमानुसार कायम व्हावयाचे ते फार तर शेकडा २५. बाकीच्यांनी ऐन तारुण्यात, निवृत्तिवेतनाविना घरी परतावयाचे.

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या मार्गानेही ४ वर्षेच लागतात: तेथे ३ आणि स्थलसेनेसाठी पुढे डेहराडूनला १. मात्र हाती जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी येते, खांद्यावर अधिकाऱ्याचे तारे चढतात आणि खर्च सरकार सोसते. २०२२ पासून मुलींनाही तेथे प्रवेश आहे. निवड कठीण खरी. पण परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि ती देण्यासाठी महाविद्यालय सोडावे लागत नाही.

दाबोळीच्या तळावरून उडणारी नौदलाची विमाने नित्य पाहणाऱ्या गोमंतकीय पालकांनी एवढी चौकशी करू नये, याचे नवल वाटते. साडेएकोणीस वर्षे उलटली की ते दार मिटते. मग पदवीनंतरच्या परीक्षाच काय त्या उरतात.