पिकअप गाडी : जुनी घडण की नवी?

तयार माल वेळेवर बाजारात पोचला नाही, तर शेतकऱ्याचे हंगामभराचे श्रम वाया जातात. म्हणून मालवाहू गाडी घेताना ती किती वर्षे बिनतक्रार चालेल, याचा विचार आधी झाला पाहिजे. जुन्या घडणीची गाडी अधिक भरवशाची, असे पुष्कळांचे मत असते. अमेरिकेतील मध्यम आकाराच्या पिकअप गाड्यांचा इतिहास पाहिला असता, या मतात तथ्य आहे पण ते पुरेसे नाही, असे दिसून येते.

निस्सान कंपनीची फ्रंटियर गाडी त्या देशात २००५ पासून २०२१ पर्यंत बहुतांशी एकाच घडणीत विकली गेली. इतक्या अवधीत गाडीचे दोष कारागिरांना पाठ होतात व सुटे भाग सहज मिळतात. या गाडीच्या आरंभीच्या वर्षांत रेडिएटरमध्ये फूट पडून पाणी गिअरबॉक्सच्या ऑइलात मिसळे व गिअरबॉक्स निकामी होई. हा दोष ज्यांना ठाऊक झाला, त्यांनी रेडिएटर वेळीच बदलून मोठा खर्च वाचविला.

तथापि केवळ लौकिकावर विसंबणेही बरे नव्हे. टोयोटाची टॅकोमा टिकाऊ म्हणून प्रसिद्ध. परंतु २००५ ते २०१० या काळातील अनेक गाड्यांच्या चासी गंजल्या. प्रकरण न्यायालयात गेले व २०१६ साली कंपनीने तडजोड मान्य केली. इंजिन उत्तम असले, तरी चासी कुजल्यावर त्याचा उपयोग काय?

आता नव्या घडणीकडे वळू. २०२३ च्या शेव्हरोले कोलोरॅडोत व २०२४ च्या टॅकोमात सहा सिलिंडरांऐवजी चार सिलिंडरांचे टर्बो इंजिन आले. टर्बोमध्ये धुराच्या वेगाने चक्र फिरते व इंजिनात जादा हवा दाबली जाते. त्यामुळे लहान इंजिनातूनही मोठी ओढ मिळते. मात्र उष्णता व दाब वाढतो, म्हणून ऑइल बदलण्यात हयगय चालत नाही.

निस्सानने मधला मार्ग पत्करला. ३.८ लिटरचे नवे इंजिन व नऊ गतींचा गिअरबॉक्स २०२० साली जुन्याच गाडीत बसविला, आणि नवी बॉडी २०२२ मध्ये आणली. बॉडी बदलली तेव्हा आतील यंत्र दोन वर्षे रस्त्यावर चाललेले होते.

यावरून बोध घ्यावयाचा तो हा की, गाडीचे वय एक नसते. तिच्या प्रत्येक भागाचे वय निराळे असते. शेतकरी बंधूंनी गाडी घेण्यापूर्वी पुढील गोष्टी अवश्य विचाराव्यात :

१. हे इंजिन व हा गिअरबॉक्स किती वर्षे वापरात आहे?
२. या गाडीचा ठाऊक असलेला दोष कोणता व त्यावर उपाय काय?
३. जवळच्या गावी सुटे भाग व जाणता कारागीर मिळतो काय?
४. चासीच्या खालच्या बाजूस गंज आहे काय?

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी कर्जाच्या अर्जाबरोबर ही चौकशीही करून द्यावी. गाडी बंद पडली, तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही.