गिझरची दुरुस्ती : 'डायरेक्ट' जोडणी नको

हिवाळा आला की गिझरच्या तक्रारी सुरू होतात. बोअरचे क्षारयुक्त पाणी असेल तर एलिमेंटवर पांढरा थर बसतो. पाणी उशिरा तापते, टाकीत तडतड आवाज येतो. मेन स्विच बंद करून एलिमेंट काढावे, थर साफ करावा. त्याच वेळी टाकीतील मॅग्नेशियमची कांडीही पाहावी. ती झिजून संपली की टाकी गंजू लागते.

पाणी तापतच नसेल तर बहुधा एलिमेंट, थर्मोस्टॅट किंवा कटआउट गेलेला असतो. अशा वेळी काही कारागीर थर्मोस्टॅट व कटआउट वगळून तार 'डायरेक्ट' जोडतात. गिऱ्हाइकाचे चार पैसे वाचतात, पण पाणी उकळतच राहते आणि दाब वाढतो. त्यात 'गळतो' म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह बुजवलेला असेल तर टाकी फुटू शकते. पाणी तापताना या व्हॉल्व्हमधून थेंब पडणे हा बिघाड नव्हे.

२००० वॅटचा गिझर सुमारे ९ अँपिअर वीज ओढतो. त्याला १६ अँपिअरचे सॉकेट आणि पक्के अर्थिंग हवेच.

कारागीर बांधवांना आम्ही एवढेच सांगू : काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या हाती द्या, नव्याची पावती द्या आणि 'डायरेक्ट'ला साफ नकार द्या. एखादे काम जाईल, पण दुकानाचे नाव राहील.