अंतस्त्वचेची वीण: सुरकुतीपासून त्वचापेढीपर्यंत

मानवी त्वचेच्या वरच्या पातळ थराला बाह्यत्वचा आणि त्याखालच्या जाड, चिवट थराला अंतस्त्वचा म्हणतात. या अंतस्त्वचेतील पाणी वजा केले, तर उरलेल्या वजनात सुमारे ७० ते ७५ टक्के वाटा कोलॅजेन या एकाच प्रथिनाचा असतो. तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळल्या जाऊन त्याचा रेणू बनतो, आणि या तिहेरी पिळाची रचना १९५४–५५ मध्ये मद्रास येथे जी. एन. रामचंद्रन व गोपीनाथ कर्था यांनी मांडली, ही गोष्ट कोलॅजेनच्या आजच्या जाहिरातबाजीत कोणाला आठवत नाही.

अंतस्त्वचेतील फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलॅजेन तयार करतात, पण वयानुसार त्यांचे काम मंदावते आणि प्रौढपणी कोलॅजेन दरवर्षी साधारण एक टक्क्याने घटते. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत ही घट आणखी वेगाने होते. उन्हाचा परिणाम याहून वेगळा असतो. अतिनील किरणांमुळे त्वचेत कोलॅजेन कापणारी विकरे वाढतात, तंतूंचे तुकडे होतात, आणि ताणून धरणारा आधारच सुटल्याने फायब्रोब्लास्ट पेशी आक्रसून नवे कोलॅजेन आणखी कमी बनवतात. बालाघाटाच्या डोंगररांगेतील भूमसारख्या तालुक्यात, जिथे खुरपणीपासून काढणीपर्यंतची कामे उघड्या रानात होतात, तिथे एकाच माणसाची मनगटाजवळची आणि दंडाची त्वचा शेजारी ठेवून पाहिली, तरी वयाने काय केले आणि उन्हाने काय केले हे वेगळे ओळखू येते. डोक्यावरचे मुंडासे आणि लांब बाह्या हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे. मलमातील कोलॅजेनचा रेणू इतका मोठा असतो की तो अंतस्त्वचेपर्यंत पोहोचत नाही. प्यायच्या भुकटीचे पचनात तुकडे होतात, आणि तिची बाजू घेणाऱ्या अभ्यासांपैकी बरेच उत्पादकांच्या पैशावर झालेले आहेत.

शस्त्रक्रियेत मात्र याच प्रथिनाचे महत्त्व निर्विवाद आहे. भूम परिसर खव्यासाठी प्रसिद्ध आहे; खव्याच्या भट्टीवरचे उकळते दूध अंगावर सांडले आणि भाजणे खोलवर गेले, तर शरीर अंतस्त्वचा जशीच्या तशी पुन्हा विणत नाही, तर कोलॅजेनचे तंतू एकाच दिशेने दाटीने रचून जागा भरून काढते, आणि हा वण पुढे आकसत जाऊन मान, कोपर किंवा बोटे वाकडी धरून ठेवतो. त्वचारोपणात घेतलेल्या पापुद्र्यात अंतस्त्वचा जितकी जास्त, तितका तो नंतर कमी आकसतो. म्हणून गायीच्या कोलॅजेनची सच्छिद्र चौकट जखमेवर बसवून तिच्यात रुग्णाच्याच पेशी वाढू देण्याची पद्धत अमेरिकेत आयोनिस यानास आणि जॉन बर्क यांनी विकसित केली व १९९६ मध्ये तिला तेथील शासकीय मान्यता मिळाली.

ही चौकट महाग असते, आणि निम्मे अंग भाजलेल्या रुग्णाकडे रोपणासाठी स्वतःची त्वचाही पुरेशी उरत नाही. या अडचणीवर उपाय म्हणून मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांच्या पुढाकाराने २००० मध्ये त्वचापेढी सुरू झाली. पुढे ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही अशी पेढी उभी राहिली. दात्याच्या मृत्यूनंतर मांड्या, पाय व पाठीवरून काढलेला पातळ थर ग्लिसरॉलमध्ये शीतकपाटात ठेवला, की सुमारे पाच वर्षे टिकतो. ही परकी त्वचा कायमची जुळत नाही, शरीर तिला काही आठवड्यांत नाकारते. पण तेवढ्या काळात पाणी व प्रथिने झिरपून जाण्याचे थांबते, जंतुसंसर्ग कमी होतो, वेदना उतरतात आणि रुग्ण स्वतःच्या त्वचेच्या रोपणापर्यंत तग धरतो.

त्वचादानासाठी रक्तगट जुळावा लागत नाही, मृतदेह विद्रूप होत नाही आणि अंत्यविधीत अडथळा येत नाही; मात्र मृत्यूनंतर सहा तासांच्या आत त्वचा काढावी लागत असल्याने जवळच्या त्वचापेढीचा दूरध्वनी क्रमांक घरात आधीच लिहून ठेवावा.