किल्ली कातडीखाली

इंग्लंडमधल्या एक्सेटर कॅथीड्रलमध्ये जुन्या खगोलीय घड्याळाखाली एक दार आहे आणि त्या दाराच्या तळाशी एक गोल भोक. १५९८ च्या सुमारास तिथल्या बिशपने सुतारांना आठ पेन्स मोजून ते पाडून घेतलं, मांजराला उंदरांमागे आत जाता यावं म्हणून. काम सोपं आणि टिकाऊ, पण त्या भोकातून कुणाचंही मांजर आत येऊ शकतं. दारानेच आपलं-परकं ओळखावं, ही सोय व्हायला पुढे चार शतकं जावी लागली.

मधल्या काळात गळपट्ट्याला लोहचुंबक अडकवण्याची युक्ती निघाली. पण गळपट्टा हरवतो, आणि शेजारच्या बोक्याच्या गळ्यात चुंबक असेल तर दार त्यालाही उघडतं. केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ निक हिल यांच्या फ्लिपर नावाच्या मांजराला आसपासची मांजरं फार सतावत. ब्रिटनमध्ये हरवलेलं मांजर ओळखता यावं म्हणून पशुवैद्य त्याच्या दोन्ही खांद्यांच्या मधे, कातडीखाली मायक्रोचिप बसवतात. म्हणजे किल्ली मांजराच्या अंगात आधीच होती, कुलूप तेवढं करायचं राहिलं होतं. हिल यांनी ते केलं आणि २००८ च्या सुमारास त्यांची ‘शुअरफ्लॅप’ ही झडप, म्हणजे दारात बसवायचं मांजरापुरतं झुलतं दार, बाजारात आली.

ही चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कुपी. तिच्यात बॅटरी नाही, हलणारा एकही भाग नाही. आहे ते तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं आणि एक चिमुकलं सर्किट. मांजर ती जन्मभर बाळगतं आणि जवळजवळ सगळा काळ ती निपचित असते. मांजराने झडपेच्या बोगद्यात डोकं घातलं की झडपेला त्याची चाहूल लागते. बोगद्याच्या तारेतून सेकंदाला १,३४,२०० आवर्तनं घेणारा प्रवाह वाहू लागतो, आणि त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे चिपच्या वेटोळ्यातही वीज निर्माण होते. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेलं हेच तत्त्व वीजकेंद्रातल्या जनित्रांत राबतं, आणि इथे ते एका मांजराच्या पाठीत राबतं! तेवढ्या उसन्या विजेवर चिप आपला १५ अंकी क्रमांक सांगते, दार तो स्मरणातल्या क्रमांकांशी ताडून बघतं (३२ प्राण्यांचे क्रमांक त्यात मावतात) आणि कडी सुटते. एरवी यंत्र झोपलेलंच असल्यामुळे चार पेन्सिल सेल साधारण वर्षभर पुरतात.

चिपचं हे बोलणं जेमतेम काही सेंटिमीटरवरून ऐकू येतं. म्हणजे बंद दिसणाऱ्या दारात मांजराने आधी डोकं आणि खांदे घालायचे, मग दार उघडणार. हे मांजराच्या स्वभावाविरुद्ध आहे. पाव मीटरपेक्षा जवळची वस्तू त्याला स्पष्ट दिसत नाही. तिथे ते मिशा पुढे वळवून चाचपतं, आणि झडप नेमकी त्या मिशांनाच भिडते. शिवाय कडीची खटकन होणारी उघडझाप. माणसाचा कान सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो, मांजराचा ६०,००० च्याही पुढे. आपल्याला क्षुल्लक वाटणारा तो खटका त्याच्या कानाशीच वाजतो.

मांजर असं दार कसं शिकतं, याचं उत्तर फार जुनं आहे. १८९८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी उपाशी मांजरं फळ्यांच्या पेटीत ठेवली आणि बाहेर मासा. दोरी ओढली किंवा खटका दाबला की दार उघडे. मांजर आधी ओरबाडे, धडपडे, आणि कधीतरी पंजा योग्य जागी पडे. पुढच्या प्रत्येक खेपेला लागणारा वेळ हळूहळू, अडखळत कमी होत जाई. दाराचं तंत्र त्याला कळत नव्हतं. ज्या कृतीपाठोपाठ मासा मिळाला, ती कृती अंगात मुरत होती.

म्हणूनच झडप शिकवताना भीतीच्या जागी मासा येईल असं बघायचं. पहिले काही दिवस झडप वर उचलून चिकटपट्टीने पक्की करावी, कडीही अडकू देऊ नये, म्हणजे समोर नुसतं भोक राहील. पलीकडून हाक मारावी, खाऊ ठेवावा. मग झडप थोडी थोडी खाली आणावी, म्हणजे आधी तिची कड पाठीला लागेल आणि नंतर ती डोक्याने ढकलावी लागेल. ढकलणं अंगवळणी पडलं की मगच कडी चालू करावी, आणि तेव्हाही खाऊ अशा अंतरावर धरावा की मांजर बोगद्यात क्षणभर थांबेल. एखादं मांजर दोन दिवसांत शिकतं, एखाद्याला कित्येक आठवडे लागतात. त्याला धरून आत ढकलणं मात्र सर्वांत वाईट. बोगदा म्हटला की पकडलं जाणं, एवढंच त्यातून मुरतं.

इंग्लंडमध्ये १० जून २०२४ पासून पाळीव मांजराला २० आठवड्यांचं होण्याआधी चिप बसवणं कायद्याने बंधनकारक आहे. तिथे राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या मांजरांकडेही त्यामुळे ही किल्ली आहेच. फक्त एक ध्यानात ठेवा: चिपमध्ये तुमचं नाव किंवा पत्ता नसतो, नुसता क्रमांक असतो. घर बदललं की नोंदणीतला पत्ताही त्याच आठवड्यात बदलून घ्या.