एका केसात किती पेंढा?

समस्थानिक म्हटलं की किरणोत्सर्ग आठवतो, आणि गाईच्या शेपटीच्या केसात ते मोजतात असं कळलं की दुधाचीही धास्ती वाटते. ती अनाठायी आहे. किरणोत्सर्गी असतो तो कार्बन-14. चाऱ्याचा माग काढायला लागतो तो कार्बन-13. तो स्थिर आहे, आणि निसर्गातल्या एकूण कार्बनात त्याचा वाटा शेकडा 1.1 च्या आसपास असतोच. भात, गहू, कडधान्यं आणि झाडंझुडपं हवेतला कार्बन घेताना ही जड जात बरीच टाळतात. नाचणी, मका, ऊस आणि उष्ण मुलखातली बहुतेक कुरणी गवतं ती कमी टाळतात. ठरावीक मानकाशी तुलना करून दर हजारी फरक मोजला, तर पहिला गट उणे 27 च्या आसपास येतो आणि दुसरा उणे 13 च्या. खाल्लेल्या अन्नाची ही खूण प्राण्याच्या शरीरात थोडी सरकून उतरते, हे डीनिरो आणि एप्स्टाइन यांनी 1978 मध्ये प्रयोगातून दाखवलं.

खरा घोळ पुढे होतो. युरोपात कुरणातलं गवत पहिल्या गटातलं आणि मका दुसऱ्या, त्यामुळे तिथे आकडा उणे 13 कडे झुकला की जनावर मक्यावर पोसलंय असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. हीच फूटपट्टी कोकणात, संगमेश्वरात आणली तर पावसाळाभर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चरणारी गावठी गाय मक्याच्या भरड्यावर वाढलेली ठरेल! इथे चित्र उलटं आहे: सड्यावरचं आणि वरकस जमिनीतलं गवत बहुतांशी दुसऱ्या गटातलं, तर भातकापणीनंतर उडवीतून निघणारा पेंढा पहिल्या. ‘चारा म्हणजे गवत, आणि गवत सगळं सारखंच’ ही समजूत इथे टिकत नाही. नाचणी आणि भात एकाच घरच्या शेतात असतात, पण कार्बनच्या हिशेबात त्यांची घरं वेगळी.

समजा, केसाच्या एका तुकड्याचा आकडा उणे 17.5 आला. केस चाऱ्यापेक्षा साधारण 3 ने वर असतो, म्हणजे चारा उणे 20.5. पेंढा उणे 28 आणि गवत उणे 13 धरलं तर दोन्ही निम्मे-निम्मे. हिशेब देखणा आहे, आणि फसवाही. आंबोणातली, म्हणजे गुरांच्या खुराकातली, सरकी पेंड पेंढ्याच्याच गटात मोडते. ऐन-किंजळाचा टाळही तिथेच. मक्याचा भरडा मात्र गवतात मिसळून जातो. म्हणजे ही डीएनए तपासणी नव्हे; तिच्यातून वनस्पतीचं नाव कळत नाही, गटांचं प्रमाण कळतं.

मग खटाटोप कशाला, असा आक्षेप येतो. गुरं राखणाऱ्याला विचारलं की झालं. आजच्या गोठ्यापुरतं ते खरं. पण विकत आणलेल्या जनावराचा मागचा मोसम कोण सांगणार? केस एकदा वाढला की त्यातली नोंद बदलत नाही: मुळाकडचा भाग ताजा, टोकाकडचा जुना. तुकडे करून क्रमाने मोजले तर सड्यावरची चराई संपून दावणीला पेंढा लागल्याचा उतार दिसू शकतो. आक्षेपात तथ्य एवढंच, की एकट्या केसावर निकाल देऊ नये. केसाबरोबर त्याच गोठ्यातला मूठभर पेंढा, त्याच सड्यावरचं गवत आणि चिमूटभर आंबोणही यंत्रात गेलं पाहिजे.