डाखकाम, तांब्याच्या नळांचे
डाखकाम, तांब्याच्या नळांचे : तांब्याचा नळ व त्यावर बसणारा जोडभाग यांच्यामधील अरुंद फटीत कमी तापमानास वितळणारी मिश्रधातू भरून पाणी न झिरपणारा सांधा तयार करण्याची क्रिया. भरण्यासाठी वापरावयाच्या मिश्रधातूस डाख म्हणतात. तिचा वितळबिंदू ४५०° से. पेक्षा कमी असल्यास त्या क्रियेस डाखकाम व अधिक असल्यास झाळकाम अशी संज्ञा आहे. ब्रिटन व अमेरिकेची संयुक्त संस्थाने येथे घरोघरी तांब्याचे नळ प्रचारात असल्याने लहानसहान डाखकाम तेथील अनेक गृहस्थ स्वतः करतात. भारतात घरगुती पाण्यासाठी जस्तलेपित लोखंडाचे व नंतर प्लॅस्टिकचे नळ अधिक वापरले गेले.

तत्त्व : नळ व जोडभाग यांच्यात सु. ०·०५ ते ०·१५ मिमी. फट ठेवलेली असते. वितळलेला डाख केशाकर्षणाने या फटीत ओढला जातो. सांधा उभा असला, तरी तो गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढतो. मात्र त्यासाठी डाखाने तांब्याचा पृष्ठभाग भिजावा लागतो. डाखातील कथिल व तांबे यांच्यापासून आंतरधातवीय संयुगाचा अतिशय पातळ थर बनतो व त्यामुळे डाख पक्का धरला जातो. पृष्ठभागावर ऑक्साइड वा तेलकटपणा असल्यास ही क्रिया होत नाही. म्हणून पृष्ठभाग घासून स्वच्छ करतात व त्यास अभिवाह लावतात. जस्त क्लोराइड व नवसागर ही अभिवाहातील नेहमीची द्रव्ये होत. भांड्यांना कल्हई करताना नवसागर वापरतात, तोही याच कारणासाठी.

डाख : पूर्वी कथिल व शिसे समभाग असलेला डाख सर्रास वापरीत. तो १८३° से. ला वितळू लागतो व पूर्ण द्रवरूप होईपर्यंत काही काळ लगद्यासारखा राहतो. परंतु नळात पाणी, विशेषतः रात्रभर, साचून राहिल्यास सांध्यातील शिसे त्यात उतरू शकते. शिसे शरीरात साठत जाते व लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय करते; पाणी उकळल्यानेही ते नाहीसे होत नाही. या कारणास्तव संयुक्त संस्थानांत १९८६ च्या कायद्याने पिण्याच्या पाण्याच्या नळांसाठी ०·२ टक्क्यांहून अधिक शिसे असलेल्या डाखास बंदी घालण्यात आली. ब्रिटनमध्येही तशी मनाई आहे. आता कथिल-तांबे, कथिल-चांदी किंवा ९५ टक्के कथिल व ५ टक्के अँटिमनी असे डाख वापरतात. त्यांना २२० ते २४०° से. किंवा त्याहून थोडे अधिक तापमान लागते.

साधने : चाकाची नळकापणी, कडेवरील कंगोरे काढण्याचे पाते किंवा कानस, पॉलिश कागद, जोडभागाच्या आतील बाजूसाठी तारेचा ब्रश, अभिवाह, तारेच्या रूपातील डाख, प्रोपेन वायूची बत्ती, न जळणारी चटई व ओले फडके एवढी साधने पुरतात.

कृती : प्रथम पाणी बंद करून नळ रिकामा करतात व जवळची तोटी उघडी ठेवतात. नळात थोडेही पाणी राहिल्यास ते वाफ होईपर्यंत उष्णता शोषून घेते व तापमान १००° से. च्या फारसे वर जात नाही. शिवाय कोंडलेली वाफ वितळलेल्या डाखातून बाहेर पडून सूक्ष्म छिद्रे पाडते. नळ काटकोनात कापून कंगोरे काढतात. दोन्ही पृष्ठभाग चकचकीत होईपर्यंत घासून त्यांवर अभिवाहाचा पातळ थर देतात व नळ जोडभागात टेकेपर्यंत बसवितात. नंतर ज्योत मुख्यतः जोडभागावर फिरवितात. डाख ज्योतीने वितळवावयाचा नसतो, तर तापलेल्या तांब्याने वितळला पाहिजे. म्हणून तार ज्योतीच्या विरुद्ध बाजूस टेकवून पाहतात. ती सहज वितळू लागली की ज्योत दूर करून सांध्याभोवती डाखाची अखंड कडी दिसेपर्यंत तार देतात. १५ मिमी. नळाच्या एका सांध्यास साधारण तेवढ्याच लांबीची तार पुरते. डाख गोठेपर्यंत सांधा हलवीत नाहीत. शेवटी संक्षारक अभिवाह पुसून काढतात, नळ पाण्याने धुतात व दाबाखाली गळती तपासतात.

दोष व दक्षता : कमी तापविल्यास डाख गोळ्यांच्या रूपात बाहेरच राहतो, अति तापविल्यास अभिवाह जळून काळा पडतो व डाख पृष्ठभाग धरीत नाही. असा सांधा वरून आणखी डाख थापून सुधारत नाही. तो सोडवून, स्वच्छ करून पुन्हा करावा लागतो. रबरी चकत्या असलेल्या झडपांचे आतील भाग तापविण्यापूर्वी काढून ठेवतात. भिंतीतील लाकूड व उष्णतारोधक पदार्थ आत धुमसत राहून उशिरा पेट घेऊ शकतात. म्हणून पाणी जवळ ठेवणे व काम संपल्यावरही बराच वेळ जागेवर लक्ष ठेवणे आवश्यक असते. प्रशीतकाच्या किंवा रुग्णालयातील वैद्यकीय वायूंच्या नळांसाठी डाखकाम पुरेसे नसते. तेथे झाळकामच करतात. इंधन वायूच्या नळांचे काम अधिकृत कारागिराकडूनच करून घेणे योग्य असते.